वाऱ्याकडे वळणारी बोट

माझ्या बोटीत एक परका माणूस झोपला होता. नुसता पहुडलेला नव्हे, चांगला घोरत होता. तोंडावर पंचा, बूट शेजारी जोडून ठेवलेले, आणि हात छातीवर असे बांधलेले की क्षणभर मला तो मेलेलाच वाटला. मग पंचा वरखाली हलला आणि माझा जीव भांड्यात पडला.

खरं तर मी आरडाओरडा करायला हवा होता. पण त्या दिवशी तेवढीही ताकद माझ्यात नव्हती. सकाळपासून उरणच्या आमच्या ट्रेलरच्या ऑफिसात फोनवर ओरडून झालं होतं. एक गाडी पळस्प्याला बंद पडलेली, एक ड्रायव्हर ‘पंक्चर झालंय’ म्हणत स्वतःच्या घरी जेवायला बसलेला — आवाजावरून कळतं मला, पंक्चर खरं की खोटं. मग उन्हातून करंजाला, तिथून लाँचने रेवसला, आणि जेट्टीवरून एकाच्या होडीने बोटीपर्यंत. मी त्या माणसासमोरच्या बाकावर टेकले आणि म्हटलं, झोपू दे बापड्याला. निदान एकाला तरी झोप मिळतेय.

मार्चमधली दुपार होती. सुकती लागली होती, खाडीचं पाणी हळूहळू समुद्राकडे चाललं होतं. थोड्या वेळाने माझा फोन वाजला आणि तो दचकून उठला.

“कोन तुमी?” उलट त्यानेच मला विचारलं.

“ज्याच्या घरात झोपायचं त्यालाच नाव विचारायचं — ही कुठली रीत?”

पंचा बाजूला झाला. रापलेला चेहरा, लाल झालेले डोळे, आणि गालावर बाकाच्या फळीचा वळ. तो घाईघाईने बूट शोधू लागला.

“बोट तुमची हाय व्हय? माफ करा हां. मी अनंता. बोडणीचा. बंदरात टगवर हाय… मोठी जहाजं धक्क्याला लावतो आमी. पाळी संपवून आलो, दोस्ताची होडी हितनं चाललेली. बोललो सोड मला, घटकाभर आडवा होतो. या बोटीवर कोन येतच नाय कधी.”

“आज आलंय.”

“ते दिसलं,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला. दमलेल्या माणसाचं हसणं असतं तसं, अर्ध्यातच थांबलेलं. “चांगली बोट हाय. अशी मोकाट का सोडलीय?”

“चांगली?” मी आतल्या गाद्या बाहेर ओढत म्हणाले. “हिला अख्खं रेवस पनवती म्हणतं. रविवारी हिचा तळ कापणार आहेत. मी सामान काढायला आलेय.”

तो बूट घालायचा थांबला. आणि का कोण जाणे, मी त्या अनोळखी माणसाला सगळं सांगत बसले.

बोट जेमतेम बावीस फुटी. एक डोलकाठी, एक मोठं शीड, पुढे एक छोटं. आत दोघांना वाकून बसता येईल एवढी खोली. आणि पाण्याखाली, तळाच्या मधोमध, जाड लोखंडाचा एक पंख — त्याला कील म्हणतात. मुंबईच्या कुणा हौशी माणसाची ही बोट. ती पुण्याकडच्या तलावावर पोचवायचं काम माझ्या मोठ्या भावाकडे, मितेश दादूसकडे आलं. डोलकाठी उतरवून बोट ट्रेलरवर चढवली, आणि निघायच्या आधीच मालकाचा फोन — मी परदेशी चाललोय, बोट तुम्हीच ठेवा. आलेल्या वस्तूला नको म्हणणं दादूसला जन्मात जमलेलं नाही. त्याने ती रेवसला आणली, आमच्याच माणसांकडून डोलकाठी उभी करून घेतली आणि पाण्यात सोडली. पर्यटक फिरवायचा बेत होता.

बोट काही फिरेना. म्हणजे फिरायची, पण स्वतःभोवती. शिडं लावली की जरा पळायची, मग वाऱ्याकडे तोंड वळवायची आणि शिडं फडफडवत जागच्या जागी उभी राहायची. सुकाणूचा दांडा ओढून धरता धरता दोन दांडगे ड्रायव्हर घामाघूम झाले. रेवसच्या जेट्टीवर हसणाऱ्यांची वाण कधीच नसते.

मग दादूसला दुसरी कल्पना सुचली. उरणजवळ आमचं लग्नाचं लॉन आहे. तिथे बोटीचा स्टेज करायचा. नवरा-नवरी बोटीत, खाली धुराचं मशीन, हळदीला डीजे. फक्त बोट जमिनीवर सपाट बसायला हवी, म्हणून कील कापायची. “खाली यवढं लोखंड कशाला? फुकटचा ओव्हरलोड,” असं त्याचं म्हणणं. आणि त्या स्टेजवर बसणारी पहिली नवरी मीच होते. पनवेलचं स्थळ होतं. मुलगा चांगला होता, त्याचे डंपर होते, आणि त्याने मला आजवर एकच प्रश्न विचारला होता — लग्नानंतर आमचं ऑफिसपण तूच बघशील ना? मी “बघते” म्हणाले होते. नाही म्हणायला जी उमेद लागते ती माझ्यात उरली नव्हती.

“पण बोट तुमाला हवीय,” अनंता म्हणाला.

“मी एकदाच बसले होते हिच्यात. ती वेडीवाकडी गिरक्या घेत होती, ड्रायव्हर शिव्या घालत होते… आणि मला मात्र कितीतरी महिन्यांनी बरं वाटत होतं.” हे मी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. “दादूस म्हणतो, शिडावर मांडव्यापर्यंत नेऊन दाखव, कटरवाल्याला परत पाठवतो. बोट तुझी.”

“आनि तुमाला शीड येतं?”

“मला ट्रेलर येतो.”

त्याने वर आकाशाकडे नाही, पाण्याकडे बघितलं. खाडीच्या तोंडाशी पाणी काळपट झालं होतं आणि त्यावर बारीक सुरकुत्या उठत होत्या.

“वारा आलाच. टगवर लागायच्या आधी पाच-सहा वर्षं मी मुंबईला शर्यतीच्या बोटींवर होतो, शिडं ओढायला. एक फेरी मारू. काय दुखतंय हिचं ते तरी कळंल.”

“तुमची झोप?”

“झाली की. तुमची?”

“माझी कॉलेजपासून राहिलीय.”

शिडं वर गेली आणि बोट एकदम कलली. मी काठाला घट्ट धरलं. पाणी माझ्या कोपरापाशी आलं, आणखी येईल असं वाटलं… आणि नाही आलं. बोट तिथेच थांबली, तिरकी, पण ठाम.

“घाबरू नका,” अनंता म्हणाला. “ही आधी पटकन कलते. मंग जिद्दीनं थांबते. कलनं येगळं आनि उलटनं येगळं. तुमचा दादूस जे लोखंड कापाया निघालाय ना, तेच हिला खालनं धरून ठेवतंय.”

“तुम्हाला बोटीबद्दल एवढं कसं कळतं एका मिनिटात?”

“बोटीबद्दल कळतं,” तो म्हणाला. “बाकी कशाबद्दल नाय कळत.”

मी हसले नाही. पण तोंड दुसरीकडे वळवावं लागलं.

मग ते झालंच. बोटीने मान वळवायला सुरुवात केली. त्याने दांडा छातीशी ओढला, पाय रोवले, मानेच्या शिरा ताणल्या, तरी ती हट्टी म्हशीसारखी वाऱ्याकडे वळत गेली आणि उभी राहिली. शिडांचा फडफडाट कानठळ्या बसवत होता. बोट आता मागे सरकू लागली.

“दांडा द्या,” मी म्हणाले, आणि तो उलट्या बाजूला ढकलला. बोटीचं तोंड हळूच बाजूला पडलं, शिडात वारा भरला आणि आम्ही पुन्हा पुढे निघालो.

अनंता माझ्याकडे बघतच राहिला. “हे कोनी शिकवलं? मागं जाताना सुकानू उलटं चालतं, हे कळायला मला एक मोसम गेला.”

“ट्रेलर रिव्हर्स घेताना पण असंच असतं. बाबांनी यार्डात शिकवलं, मी सोळा वर्षांची असताना.”

“म्हनजे तुमाला शीडच येतं. फक्त माहीत नव्हतं.”

दोरी ओढून माझा तळवा सोलवटला होता. त्याने विचारलं नाही. पंच्याचं टोक खाडीत भिजवलं, पिळलं आणि माझ्या हाताला गुंडाळलं. खारं पाणी झोंबलं. त्याचं डोकं माझ्या हातावर वाकलेलं, केसांना डिझेलचा वास… आणि मी मनात म्हटलं, हेमाली, हे काय चाललंय तुझं? तुला साधं जेवायला वेळ नाही.

परतताना त्याने निकाल सांगितला. मोठं शीड जुनं होऊन झोळीसारखं झालंय, वारा त्यात नको तिथे साचतो आणि बोटीची शेपटी ढकलतो. शेपटी ढकलली की तोंड वाऱ्याकडे जाणारच. नवीन शीड शिवायला महिना तरी लागेल.

“रविवारला तीन दिवस आहेत,” मी म्हणाले.

“दुसरे उपाय करून बघू,” तो म्हणाला, पण त्याचा आवाज काही माझ्या ड्रायव्हरांपेक्षा फार खरा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते उपाय केले. मोठं शीड अर्धवट गुंडाळून लहान केलं. दोघंही पुढे सरकून बसलो, म्हणजे वजन पुढे येईल. बाक अरुंद होता, खांद्याला खांदा लागत होता.

“आनखी पुढं सरका,” तो म्हणाला.

“पुढे तुम्ही आहात.”

“मी बोटीसाठी बोलतोय.”

“मीही बोटीसाठीच नाही म्हणतेय.”

फरक पडला, पण थोडाच. आता बोट दोन मिनिटांऐवजी चार मिनिटं सरळ जायची आणि मग वळायची. शीड लहान केल्यामुळे वेग मात्र मेला. अशा चालीने मांडवा गाठायला पावसाळा उजाडला असता. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. तो पाळी संपवून थेट आला होता आणि इथून पुन्हा पाळीवर जाणार होता. मी विचारलं, कशासाठी एवढं? तो दोरीची गुंडाळी करत राहिला. मग म्हणाला, “घरी गेलो तर झोपच येते. हितं जागं राहावंसं वाटतं.”

त्याचे फोन येऊ लागले. दिवसभर मला फोन करणारा प्रत्येक माणूस ‘गाडी कुठं पोचली’ असंच विचारतो. तो विचारायचा, “जेवलात?” मी म्हणायचे नाही. तो म्हणायचा, मीपण नाय. मग आम्ही दोघंही काहीच न बोलता फोन धरून बसायचो, मागे त्याच्या टगचं इंजिन धडधडत असायचं.

“बोटीची आठवन आली,” एकदा तो म्हणाला.

“बोटीची?”

“हां… बोटीचीच.”

“बरं. बोटीला कळवते.”

शनिवारी लॉनवर डेकोरेटर आला. दादूस, वहिनी, आई, सगळे त्याच्या मोबाईलभोवती जमले. त्याने आमच्या बोटीचा खरा फोटो घेऊन त्यावर फुलं, दिवे, पडदे चिकटवले होते. पाण्याखालची कील नव्हती, तिथे थर्माकोलच्या लाटा होत्या. डोलकाठीच्या टोकावरून एक झुंबर सरळ रेषेत खाली सोडलं होतं, आणि ते येत होतं बरोबर नवरीच्या डोक्यावर.

“काठी तर पुढं हाय, मंग झुंबर यवढं मागं कसं?” सुचिता वहिनी म्हणाली.

“ताई, काठीच्या टोकावरूनच सोडलंय. तुमची काठीच मागं झुकलेली हाय.”

मी मोबाईल त्याच्या हातातून घेतला. चित्रातली नवरी बिनचेहऱ्याची होती, तिच्याकडे मी बघितलंही नाही. मी डोलकाठी बघितली. पायापासून टोकापर्यंत ती चांगली हातभर मागे पडली होती. उभी काठी नव्हतीच ती, आरामखुर्चीत टेकलेल्या माणसासारखी रेललेली काठी होती. आम्ही तिच्याखाली दोन दिवस बसलो आणि दोघांनाही दिसलं नाही.

दयारामकाका आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. डोलकाठी उभी करायचं काम त्यांनीच केलं होतं. मी त्यांना गाठलं.

“काका, बोटीची काठी तुम्ही कशी बांधली?”

“कशी म्हंजे? कंटेनर बांधतो तशी,” ते अभिमानाने म्हणाले. “मागच्या तारेला साखली लावून ताणायचा रॅचेट मारला, जाम आवलली. पुढची तार पोचंना, तिला शॅकलच्या दोन कड्या जोडल्या. ब्रेक मारला का माल पुढंच येतो ना, बाय. बांधायचा मागनंच.”

तीस वर्षं त्यांनी माल असाच बांधला होता आणि एकदाही सांडला नव्हता. बोटीला ब्रेक नसतो, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला एकदम सगळं कळलं. ट्रेलरमध्ये वजन मागे पडलं की पुढची चाकं ऐकत नाहीत, स्टिअरिंगशी कुस्ती खेळावी लागते. इथे माल म्हणजे वारा होता. काठी मागे झुकली म्हणून शिडातला सगळा वारा मागे गेला होता, आणि कील मात्र होती तिथेच मधोमध. शेपटी ढकलली जाणार नाही तर काय होणार? शीड जुनं होतं, पण दोषी नव्हतं.

मी अनंताला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. 

“शिडं बघितली,” तो म्हणाला. “सुकानू बघितलं. काठी… काठी बघायची राह्यली.”

“शर्यतीच्या बोटींवर वर्षं काढलेला माणूस. डोक्यावरची काठी दिसली नाही?”

“शर्यतीत माझं लक्ष बोटीवर असायचं.”

“आणि इथे?”

पुन्हा इंजिनाची धडधड. “उद्या सांगतो,” तो म्हणाला.

रविवारी सकाळी आम्ही रॅचेट सैल केला. साखळी सुटताना अशी करकरली की बोटीनेच सुस्कारा टाकल्यासारखं वाटलं. पुढच्या तारेतले दोन्ही शॅकल काढून ती आखूड केली, मागची तार हलक्या हाताने बेताची ताणली. डोलकाठी सरळ झाली. अनंताने काठीच्या टोकावरून दोरी सोडली, तिला पाना बांधला. पाना काठीच्या पायापाशीच लोंबत राहिला. सगळं तयार होतं. फक्त वारा नव्हता.

शिडं धुतलेल्या चादरीसारखी लटकत होती. सुकतीचं पाणी बोटीला इंचाइंचाने बाहेर ओढत होतं. ऊन चढलं. जेट्टीवर दादूसची पांढरी गाडी आली, तिच्यामागून क्रेन. माझा फोन वाजला.

“बाय, कटरवाला आलाय. लाँच पाठवू का वढायला?”

“थोडं थांब, दादूस.”

“किती थांबू? मानसं उन्हात हायेत. वारा काय तुझ्या बापाचा नोकर हाय?”

“बाप तुझा पण तोच आहे,” मी म्हणाले. “वारा येऊ दे.”

मी फोन खाली ठेवला. डोळ्यांची आग होत होती. रात्री दोन गाड्या अडकल्या होत्या, मी झोपले नव्हते. मला रडू यायला लागलं आणि रडायचाही कंटाळा आला.  अनंताने डबा उघडला, तांदळाची भाकरी आणि सुकट. अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

“खा. उपाशी मानसाकडं वारा येत नाय.”

“असं कोण म्हणतं?”

“मी. आत्ताच.”

भाकरी संपायच्या आत त्याने मान वर केली. खाडीच्या तोंडाशी पाणी काळपट झालं होतं. मग गालाला गार लागलं. शीड एकदा हललं, दुसऱ्यांदा फुगलं.

“दांडा घे,” तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याने मला ‘अगं-तुगं’ केलं होतं आणि ते त्याच्याही लक्षात आलं नव्हतं.

बोट हलली, पण सावकाश. लोखंड पोटात घेऊन चालणारी बोट ती. उठायला वेळ लावते. मला घाई होती. मी लगेच तिचं तोंड वाऱ्याच्या जवळ न्यायला गेले आणि ती मंदावली.

“आधी वेग घेऊ दे तिला,” अनंता म्हणाला. “वेग आला का मंग वाऱ्याशी भांड. दमलेल्या बोटीला चढन घालायची नाय.”

मी दांडा सैल सोडला. बोट पळायला लागली. मग हळूहळू तिला वर घेतलं, आणखी वर, आणि ती गेली. कलली, थांबली, आणि तशीच कललेली सुसाट निघाली. मी दांड्यावरचा एक हात काढला. मग दुसऱ्या हाताची बोटं काढली, फक्त दोन ठेवली. दांडा त्या दोन बोटांना किंचित ओढत होता, लहान मूल हात धरून चालतं तेवढाच. मी वाट बघत होते की आता वळेल, आता उभी राहील. ती सरळ चालली होती.

“अनंता,” मी म्हणाले, “ती वळत नाहीये.”

“बघतोय मी.”

“काय बघतोयस? तू माझ्याकडे बघतोयस.”

“तेच तर सांगायचं राह्यलं होतं काल.” त्याने दोरी एका खुंटीला अडकवली आणि हात मोकळे केले, जणू बोलायला हात लागतात. “दोन दिवस काठी दिसली नाय, कारन मी वर बघितलंच नाय. मी… तुझ्याकडं बघत होतो. टगवर मला सगळे हुशार समजतात, हेमाली. आनि हितं हातभर वाकडी काठी दिसंना.”

मांडव्याला सरळ जाता येत नव्हतं. वारा तिकडूनच येत होता. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, अशी नागमोडी वाट काढायची होती. वळायची वेळ आली. मी दांडा ढकलला, बोटीने वाऱ्यातून कूस बदलली, शिडं एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली, आणि आम्हीही वाकून बाजू बदलली. वळण घेतानाही ती थांबली नाही. पोटातल्या लोखंडाने तिला पलीकडे नेलं. बाजू बदलताना आमची डोकी आपटली. कपाळ चोळत मी सांगून टाकलं.

“मला तू आवडतोस. मी फार दमलेय, त्यामुळे लाडीगोडीने सांगायला जमणार नाही. तुझा फोन आला की मला बसावंसं वाटतं. बाकी सगळ्यांचे आले की उठावं लागतं.”

 वाऱ्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं मी समजून घेतलं.

“मी पन दमलेलाच हाय,” तो म्हणाला. “महिन्यातले निम्मे दिवस पान्यावर असतो.”

“माझ्याकडचे ड्रायव्हर निम्मे दिवस रस्त्यावर असतात. वाट बघायची सवय आहे मला. फक्त आवडणाऱ्या माणसाची कधी बघितली नव्हती.”

“तुझ्या घरी… आमी कोळी, तुमी आगरी.”

“मासे दोघंही खातो ना? बाकीचं बघू.”

फोन पुन्हा वाजला. दादूस. मी दांडा अनंताच्या हातात दिला नाही. एका हाताने धरूनच बोलले.

“बाय, कुठं चाललीस तू? बोट दिसंना जेट्टीवरनं.”

“मांडव्याला. तू गाडीने ये. आणि दादूस, ऐक. पनवेलला नाय सांग.”

“काय?”

“नाय सांग त्यांना. त्यांना ऑफिस बघायला माणूस हवाय, तर जाहिरात द्यायला सांग. मी ‘बघते’ म्हणाले ती माझ्या थकव्याची बोली होती. मला लग्न करायचं नाही तिथे. आईला मी सांगेन.”

 पलीकडे क्रेनवाल्याचा आवाज, मग गाडीचं दार आपटल्याचा. दादूसने फोन ठेवला. दांड्यावरची माझी दोन बोटं जागची हलली नव्हती. अनंताने पंचा भिजवून माझ्या मानेवर ठेवला आणि तिथेच त्याचा हात राहिला.

मांडव्याच्या जेट्टीजवळ पोचलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. दादूस आधीच येऊन उभा होता, कमरेवर हात. बोट वाऱ्याविरुद्ध येताना त्याने बघितली होती. त्याचा चेहराच सांगत होता. रागाने तो लाल असायला हवा होता, पण त्याच्या डोळ्यांत धंद्याची चमक आली होती. ती मी लहानपणापासून ओळखते.

मी बोट वाऱ्याकडे वळवली, या वेळी माझ्या मर्जीने. वेग मरत गेला आणि ती जेट्टीला अलगद येऊन टेकली.

“मस्त चालते की गं,” दादूस वाकून म्हणाला. “लॉनवर कशाला न्यायची? हितंच पर्यटक फिरवू. मानसं किती बसतात हिच्यात?”

“सहा तर आरामात—” अनंता बोलायला गेला.

“दोन,” मी म्हणाले.

दादूसने माझ्याकडे बघितलं. मग अनंताकडे, माझ्या मानेवर वाळणाऱ्या त्याच्या पंच्याकडे, आणि पुन्हा माझ्याकडे. तीस गाड्यांचा मालक माझा भाऊ; कोण कुठे अडकलंय हे त्याला फार लवकर कळतं.

“दोनच?”

“दोनच, दादूस.”

 मागे लाँचचा भोंगा वाजला, माणसं पिशव्या घेऊन धावली. मग दादूसने हात पुढे केला. मला वाटलं मला वर ओढायला, पण तो हात माझ्या शेजारून अनंताकडे गेला होता.

“मंग त्या दुसऱ्याला आधी वर येऊ दे,” तो म्हणाला. “चाय पिता पिता विचारतो, कोन, कुठला.”